फियाटचं इंजिन बांधताना

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी कायमची निघून गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदलेली होती, तेव्हा हिशेब सरळच होता. त्या संध्याकाळी टीव्हीवर लोक त्या काळ्या-पिवळ्या गाडीशेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते. आमच्या कोल्हापूरच्या घरी आई ते बघत होती. बघता बघता म्हणाली, “आपली आहे की रे अजून.”

आपली म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची. १९७९ सालची पद्मिनी. नंबर लावून, वाट बघून, प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून घेतलेली. आमच्याकडे तिला कुणी पद्मिनी म्हटलंच नाही, ती कायम ‘फियाट’च. अण्णा २०१७ साली गेले आणि फियाट मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. आई आता त्र्याऐंशी वर्षांची. तिचं म्हणणं एवढंच होतं, की एकदा त्या गाडीतून नरसोबाच्या वाडीला जाऊन यायचं. दर वर्षी दत्तजयंतीनंतर अण्णा तिला न्यायचे, तसं.

मी एका गॅरेजवाल्यांना बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं, मान हलवली आणि ‘फुल इंजिन काम’ म्हणून ऐंशी हजारांचा आकडा सांगितला. भंगारवाल्याने देऊ केलेली रक्कम त्याच्या निम्मीही नव्हती. मी बँकेतला निवृत्त कारकून. घरात बसून चर्चा झाली आणि पंचेचाळीस हजारांवर जायचं नाही, असं ठरलं. तेवढ्यात काम करायचं तर मजुरी माझी मलाच करायला हवी होती. आणि मी आयुष्यात स्कूटरचा प्लग साफ करण्यापलीकडे हत्यार हातात धरलेलं नव्हतं.

त्या कामाची हकीकत आज सांगायची आहे. माझ्यासारख्या नवख्याने जुन्या गाडीचं इंजिन कमी पैशात बांधायचं ठरवलं तर पैसे कुठे वाचतात आणि कुठे वाचवू नयेत, हे मला एका चुकीतून नीट कळलं. ती चूकही सांगणार आहे.

आधी गाडीविषयी थोडं. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. इटलीच्या फियाट कंपनीची ‘अकराशे’ ही गाडी १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं आणि शतक बदलेपर्यंत ती बनत राहिली. अंगावरचा पत्रा बदलला, दिवे बदलले, पण आतलं पेट्रोल इंजिन मूळ तेच राहिलं: चार सिलिंडर, १०८९ सी.सी.

नवख्या माणसाला याचा मोठा फायदा आहे. या इंजिनात संगणक नाही, सेन्सर नाही. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बुरेटर, ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर आणि बाकी सगळं लोखंड व अ‍ॅल्युमिनियम. जे घडतं ते डोळ्यांना दिसतं. सायकलचा पंप आठवा. दांडा दाबला की आतली हवा दाबली जाते. इंजिनाचा सिलिंडर म्हणजे असाच एक पंप, पण उलटा चालणारा. आत पेट्रोलची वाफ आणि हवा घ्यायची, ती दाबायची, ठिणगीने पेटवायची आणि धूर बाहेर टाकायचा. पेटल्यावर जो जोर येतो तो पिस्टनला खाली ढकलतो आणि तो दांडा क्रँक फिरवतो. असे चार पंप ओळीने. पेटण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची ये-जा ७५ मिलिमीटरची. शाळेतलं दंडगोलाचं सूत्र लावून चाराने गुणलं, की १०८९ घन सेंटिमीटर येतात. मी वहीत करून बघितलं. आपण काय उघडणार आहोत, हे त्या दिवशी पहिल्यांदा समजल्यासारखं वाटलं.

सहा वर्षं उभ्या असलेल्या गाडीला थेट स्टार्टर मारायचा नाही, हा पहिला धडा. सिलिंडरच्या भिंतींवर गंज धरलेला असतो, रिंगा चिकटलेल्या असतात; जोराने फिरवलं तर त्या मोडतात. मी चारी प्लग काढले, प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑईल मिसळून ओतलं आणि चार दिवस हात लावला नाही. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मुलाला म्हटलं, हळूहळू मागेपुढे ढकल. पाचव्या-सहाव्या धक्क्याला आतून कण्हल्यासारखा आवाज आला आणि इंजिन फिरलं.

दुसरा धडा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी दिला. उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री आणि मशीन शॉपचं गाव. हे मिस्त्री माझ्याच वयाचे, चाळीस वर्षं क्रँक आणि बोअर यांच्यात घालवलेले. मी त्यांना विचारलं, “इंजिन खोलायला कुठून सुरुवात करू?” ते म्हणाले, “साहेब, खोलायचं नंतर. आधी त्याला काय झालंय ते तरी इचारा. डॉक्टर काय पहिल्यांदा पोट फाडतोय व्हय?”

हे विचारायचं साधन म्हणजे कॉम्प्रेशन गेज. प्लगच्या भोकात ते लावायचं, स्टार्टरने इंजिन फिरवायचं आणि प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते लिहून घ्यायचं. माझे आकडे असे आले: पहिला १०५ पौंड, दुसरा ७०, तिसरा १००, चौथा ६०. दुसरा आणि चौथा आजारी, हे उघड होतं. पण आजार कोणता? मग प्रत्येकात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजलं. दुसऱ्याचा दाब एकदम १०५ पर्यंत चढला. चौथा जिथल्या तिथे. याचा अर्थ सोपा आहे. ऑईलने पिस्टनच्या कडेची फट तात्पुरती बुजते. दाब वाढला, तर गळती रिंगांतून आणि बोअरमधून होती. वाढला नाही, तर गळती वरून, व्हॉल्व्हमधून होती. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असते, तर संशय हेडच्या पॅकिंगवर गेला असता. अर्ध्या तासाच्या या तपासणीने मला सांगितलं की खालचं आणि वरचं, दोन्ही काम आहे. कित्येकदा नुसतं हेडचं काम असतं आणि लोक फुल इंजिनाचे पैसे देतात.

मग खोलणं. यात कौशल्य कमी आणि शिस्त जास्त लागते. बॉनेट काढलं, मिस्त्रींकडून चेन ब्लॉक मागून आणला, शेडच्या तुळईला खालून टेकू दिला आणि इंजिन वर उचललं. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो. प्रत्येक जागेचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. पुशरॉड आठ असतात; ज्याची त्याची जागा वर्षानुवर्षं एकमेकांना घासून बसलेली असते, म्हणून ते मिसळू द्यायचे नाहीत. मी पुठ्ठ्याच्या खोक्याला आठ भोकं पाडून त्यांत क्रमाने खोचले. बारीक सारीक वस्तूंसाठी घरातलं आप्पेपात्र नेलं. ते परत स्वयंपाकघरात गेलेलं नाही आणि त्यावरून मला अजून ऐकून घ्यावं लागतं.

एक गोष्ट मात्र जिवापाड सांभाळायची. क्रँक धरणाऱ्या बेअरिंगच्या टोप्या, म्हणजे कॅप, त्यांची अदलाबदल करायची नाही आणि त्या उलट्याही बसवायच्या नाहीत. कारखान्यात त्या जागेवर बसवूनच त्यांचं भोक तासलेलं असतं. पंचने ठिपके मारून ठेवायचे: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन.

सगळं सुटं झाल्यावर ब्लॉक, क्रँक आणि हेड रिक्षा टेम्पोत घालून उद्यमनगरात नेलं. इथे मोजमाप झालं आणि इथेच मला या कामाचं मर्म समजलं.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन खाली येताना कनेक्टिंग रॉड तिरका असतो, त्यामुळे पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर रेलतो. म्हणून गोल भोक लंबगोल होतं. शिवाय वरच्या टोकाला उष्णता आणि दाब सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी, म्हणून वरची झीज खालच्यापेक्षा अधिक. माझा दुसरा सिलिंडर वर ६८.२३ मिलिमीटर आणि खाली ६८.०५ भरला. पाव मिलिमीटरही नाही, असं आपल्याला वाटतं. पण रिंगेला प्रत्येक फेरीत पसरायचं आणि आवळायचं असतं आणि इंजिन मिनिटाला काही हजार फेऱ्या मारतं. तेवढ्या फटीतून तेल वर जातं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. या झिजेची पायरी वरच्या कडेला बोटाच्या नखालाही लागते. तुम्ही जुनं इंजिन विकत घेणार असाल, तर हेड काढून आधी नख फिरवून बघा.

मिस्त्रींनी चारी बोअर ६८.४ मिलिमीटरला केले आणि त्या मापाचे ०.४ ओव्हरसाईझ पिस्टन आणायला सांगितले. गंमत म्हणून मी पुन्हा सूत्र मांडलं. आमचं १०८९ चं इंजिन ११०२ सी.सी.चं झालं होतं! क्रँकही थोडा लंबगोल झाला होता. तो दहा थाऊने, म्हणजे इंचाच्या दहा हजारांश भागाने ग्राइंड केला. पाव मिलिमीटर म्हणा. त्याच हिशेबाने जाड बेअरिंग आणली.

ब्लॉक बदलून दुसरा टाका, स्वस्तात मिळेल, असं एकाने सुचवलं होतं. मी ते केलं नाही. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर असतो आणि तो आर.सी. पुस्तकात असतो. ब्लॉक बदलला की आर.टी.ओ.त तशी नोंद करून घ्यावी लागते. जुन्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करायची असते. तिथे नंबर जुळला नाही, तर बांधलेलं इंजिन शेडमध्येच बसेल.

हेडचं काम करताना मिस्त्रींनी एक शहाणपणाची गोष्ट केली. अण्णांची गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि ते व्हॉल्व्हच्या बैठकीला एक प्रकारचं वंगण द्यायचं. देशभरात २००० सालापासून शिशाचं पेट्रोल बंद झालं. तेव्हा व्हॉल्व्ह-सीट नव्याने बसवायचीच होती, तर ती कडक जातीची बसवली. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं आहे. त्याने जुनं रबर फुगतं, चिरतं. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या जातीचा घातला. खर्च थोडा, पण पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकणं ही थोडी गोष्ट नाही.

आता हिशेब सांगतो. बोअर, क्रँक आणि हेड यांचं मशीनकाम साडेचौदा हजार. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, पॅकिंगचा संच, ऑईल पंप आणि नळ्या धरून साडेतेवीस हजार. ऑईल, प्लग, पॉइंट, कंडेन्सर वगैरे चार हजार. एकूण बेचाळीस. कार्बुरेटर मी स्वतः उघडून साफ केला, डायनॅमो आणि स्टार्टर घासूनपुसून परत घातले, रेडिएटर फक्त धुऊन घेतला. मजुरी शून्य. पंचेचाळीसच्या आत काम बसलं म्हणून मी खुशीत होतो. आणि इथेच घात झाला.

मशीनकाम होऊन ब्लॉक आणि क्रँक घरी आले. मिस्त्री म्हणाले होते, “साहेब, धुऊन घ्या बरं. धुऊन म्हणजे धुऊन.” मी डिझेलमध्ये फडकं बुडवून सगळं पुसलं. क्रँकच्या आत तेल जाण्याची बारीक भोकं असतात, त्यांत सायकलच्या पंपाने हवा मारली. वस्तू चकाकत होत्या. मला वाटलं, झालं. त्या दिवशी शनिवार होता, बेअरिंग बसवायला हात शिवशिवत होते आणि आईने सकाळीच विचारलं होतं, “कधी व्हायचं रे?”

इंजिन बांधलं, चालू झालं. पहिल्या हाकेला नव्हे, पण चौथ्या हाकेला. गल्लीतली पोरं गोळा झाली. थोडं थोडं करत मी अडीचशे किलोमीटर चालवलं आणि एका गुरुवारी आईला घेऊन वाडीला निघालो. इचलकरंजीच्या अलीकडे एका चौकात थांबलो, तर ऑईलचा लाल दिवा लुकलुकला. गाडी पुढे काढल्यावर विझला. दोन किलोमीटरवर जोर दिला की आतून टक-टक, टक-टक. मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. आईला एस.टी.त बसवून परत पाठवलं. गाडी टो करून आणली. एस.टी.च्या पायरीवरून आई एवढंच म्हणाली, “वाडी कुठं पळून जात नाही.”

पण त्र्याऐंशीव्या वर्षी हे वाक्य बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही त्याचा अर्थ माहीत असतो.

इंजिन परत उतरवलं. बेअरिंग काढून मिस्त्रींच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उजेडात तिरकं धरलं आणि मला दाखवलं. मऊ, राखाडी धातूच्या थरावर बारीक ओरखडे होते आणि त्यांत रुतलेले चमकते कण. ग्राइंडिंगच्या दगडाची पूड. क्रँकच्या त्या बारीक भोकांत ती तेलाबरोबर चिकटून बसली होती. माझ्या सायकलपंपाच्या हवेने ती हलली नव्हती. नव्या तेलाच्या दाबाने मात्र ती हलली आणि थेट बेअरिंगमध्ये गेली.

तिथे काय चालतं ते समजून घेतलं की या चुकीचं वजन कळतं. क्रँक बेअरिंगवर टेकून फिरत नाही, तेलावर तरंगून फिरतो. ओल्या रस्त्यावर वेगात जाणाऱ्या गाडीचं चाक जसं पाण्याच्या थरावर चढतं, तसा फिरणारा क्रँक स्वतःखाली तेल ओढून घेतो आणि त्याच्यावर उचलला जातो. या थरासाठी ठेवलेली फट असते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या तीन-पाच पट. आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. एवढ्या जागेत दगडाचा कण गेला तर तो धातूच खाणार. बेअरिंगचा थर मुद्दाम मऊ ठेवतात, की एखाददुसरा कण त्यात रुतून बसावा आणि क्रँक वाचावा. पण मी एखाददुसरा नव्हे, चिमूटभर दिले होते.

माझं नशीब एवढंच, की दिवा पाहिल्यावर मी फार पुढे गेलो नव्हतो. क्रँकवरचे ओरखडे हलके होते, पॉलिशवर भागलं. नवी बेअरिंग, पॉलिश, पुन्हा पॅकिंग, पुन्हा ऑईल, टो करण्याचे पैसे, सगळे मिळून अकरा हजार. बेचाळीसचे त्रेपन्न झाले. ठरलेल्या रकमेच्या आठ हजार वर. हे सगळं वाचलं असतं कशाने? कपडे धुण्याची पावडर, गरम पाणी आणि बाटल्या धुण्याचे दोन-चार लांब ब्रश यांनी. शंभर-दोनशे रुपयांत.

आता धुण्याची रीत सांगतो, कारण पुस्तकात ती एका ओळीत उरकलेली असते. होनिंग केलेल्या सिलिंडरच्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघा असतात. तेल धरायला त्या लागतातच. पण दगडाची पूडही त्याच रेघांत बसते. डिझेल किंवा पेट्रोल तिला जागच्या जागी पसरवतं, बाहेर काढत नाही. साबणाचं गरम पाणी आणि ब्रश तिला उचलतात. ब्लॉकमधल्या आणि क्रँकमधल्या प्रत्येक तेलाच्या भोकातून ब्रश आरपार गेला पाहिजे, मग कॉम्प्रेसरची हवा. शेवटी पांढऱ्या स्वच्छ फडक्याला थोडं तेल लावून बोअर पुसायचा. फडकं राखाडी झालं की पुन्हा धुवायचं. मी दुसऱ्या खेपेला पाच वेळा धुतलं, तेव्हा फडकं पांढरं राहिलं. वाळल्याबरोबर लगेच तेल लावायचं, कारण नुकतंच तासलेलं बीड तासाभरात गंज धरतं.

पुन्हा बांधताना मी घाई केली नाही. प्रत्येक रिंग आधी तिच्या सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडांमधली फट फीलर गेजने बघितली. फट अगदीच कमी असेल, तर रिंग तापून फुगते आणि तोंडं एकमेकांना भिडून मोडतात. फार असेल तर दाब गळतो. एकाच पिस्टनवरच्या रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. बेअरिंगची फट मोजायला प्लॅस्टिगेज नावाचा मेणासारखा धागा मिळतो. तो क्रँकवर ठेवून कॅप पूर्ण आवळायची आणि पुन्हा खोलायची. धागा किती चपटा झाला, त्यावरून पाकिटावरच्या पट्टीने फट समजते. मायक्रोमीटर विकत न घेता नवख्याला मिळणारी ही सर्वांत स्वस्त खात्री आहे. हेडचे नट टॉर्क पान्याने, मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळले. अ‍ॅल्युमिनियमचं हेड एका कोपऱ्यातून आवळत गेलं, तर ते वाकतं आणि पॅकिंग उडतं.

सुरू करण्याआधी प्लग न लावता स्टार्टरने इंजिन फिरवत राहिलो. ऑईलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले. चालू झाल्यावर पहिली वीस मिनिटं ते मंद घुमत ठेवायचं नाही, मध्यम वेगात ठेवायचं, म्हणजे नव्या कॅमला तेल पोचतं. पहिले पाचशे किलोमीटर जोर द्यायचा नाही, पण एकाच सावकाश गतीनेही जायचं नाही. वेग थोडा चढवायचा, उतरवायचा, म्हणजे रिंगा भिंतीला नीट बसतात. शंभर किलोमीटरला पहिलं ऑईल काढून टाकलं. ते पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात धरलं. मिस्त्रीही बघायला आले होते. त्यांनी बोटावर थेंब घेऊन चोळला आणि म्हणाले, “आता चालतंय की.”

मला बरेच जण विचारतात, असं इंजिन आम्हाला बांधता येईल का? मी म्हणतो, खोलणं, धुणं, मांडणं आणि जोडणं ही चार कामं तुमची. त्यांत मजुरी वाचते आणि त्यांत घाई केली तर सगळं जातं. बोअर, क्रँक आणि हेड ही तीन कामं मशीनवर बसणाऱ्या माणसाची. तिथे घासाघीस करू नका, मात्र प्रत्येक माप कागदावर लिहून मागा. रिंगा, बेअरिंग आणि पॅकिंग जुनं परत वापरू नका. कार्बुरेटर, डायनॅमो, स्टार्टर बहुधा साफसफाईवर भागतात. आणि ठरवलेल्या रकमेतले निदान पाचवा हिस्सा पैसे बाजूला ठेवा. मी ते ठेवले नव्हते.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा निघालो. या वेळी मुलगा मागून मोटारसायकलवर होता, न सांगता. इचलकरंजीचा तो चौक आला तेव्हा मी डोळा दिव्यावरून काढला नाही. दिवा विझलेलाच राहिला. कुरुंदवाडमार्गे वाडीला पोचलो, आईला घाटापर्यंत हात धरून नेलं. पादुकांचं दर्शन झालं. परतताना तिने पेढे घेतले, बासुंदीची बाटली घेतली आणि गाडीत बसण्याआधी माझ्याकडे बघून म्हणाली, “अण्णा निघायच्या आधी तेल बघायचे.”

मी बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली आणि काढून तिला दाखवली. तेल वरच्या खुणेला होतं.